बोरजाई रोड स्टेशन

इटली, १४ जानेवारी १९४५
(पत्र टपालानं न्हाई, हातानं येतंय. म्हनून मुलखाचं नाव लिवलं. टपालात साहेब खोडतो.)

गुरुजींच्या पायावर लालासाहेब घाडगे याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र घेऊन येनारा आकाराम आमच्याच पलटनीतला, साताऱ्याचा. उजव्या हाताची बोटं ग्येली म्हनून सरकारनं त्याला घरी धाडला. त्याच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली वस्तू हाय ती तुमची.

हितं एका गावात आमी एका घरात शिरलो. घराला छप्पर न्हाई, मानसं न्हाईत, पर भिंतीतलं कपाट जसंच्या तसं. त्यात ह्यो आगगाडीचा डबा. चाकं मोडल्यात, पर खिडक्या बघा, आतली बाकडी बघा! मला एकदम तुमची किल्लीची गाडी याद आली. भूगोलाच्या तासाला तुमी टेबलावर रूळ मांडायचा, "मिरज जंक्शऽन" म्हनून वराडायचा, आन् किल्ली द्यायला मलाच बलवायचा. बाकीची पोरं जळून खाक व्हायची. ज्या घरातला डबा त्या घरचं पोर आता कुठं आसंल ते इचारू नका. मला ठावं न्हाई.

येक काम हाय. आई बाजाराला सांगलीत आली की तुमच्याकडं पत्र वाचून घ्यायला येती. तिला सांगा, मळ्यातल्या हिरीचं बांधकाम आवंदा पुरं करून घे. आबांनी पहिली पहार मारली ती हीर. मला आता दुसरं काय नगं. हिरीवर मोट, आन् मोटंवर मी.

आपला, लालासाहेब

---

सांगली, ११ मार्च १९४५

चि. लालासाहेब यास गोपाळकृष्ण रिसबूड याचे अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. आकारामाने तो डाव्या हाताने पुढे केला, मी सवयीने उजवा शोधत राहिलो आणि दोघेही ओशाळलो. मग चहा घेतला.

डबा राजेशाही आहे, पण माझे इंजिन पेन्शनर. किल्ली पुरी भरली तरी ते त्याला जागचा हलवीना. शिवाय चाके मोडलेली. तेव्हा खऱ्या रेल्वेत करतात तेच केले. चाके गेलेला डबा तिथे रुळाशेजारी उतरवतात आणि त्यात माणसे संसार थाटतात. मास्तर रिटायर होतो तसाच हा प्रकार: चालणे बंद, पण डोक्यावर छप्पर शाबूत. मी खालचा सांगाडा काढून टाकला, मागची दारे पुठ्ठ्याने बुजवली, एका खिडकीचे तिकीटघर केले. सिगारपेटीच्या लाकडाचा फलाट, पन्हळी पुठ्ठ्यावर गेरू फासून कौले, टाचण्यांच्या माथ्यांचे कंदील. स्टेशन तयार! नाव काय द्यावे? खुद्द साताऱ्यालासुद्धा गावात गाडी नाही, 'सातारा रोड' कुठे कोसावर. मग आपल्या बोरजाईने तरी का मागे राहावे? पाटी रंगवली: 'बोरजाई रोड'.

हे सगळे माझ्या माडीवर राहिले असते तर बरे होते. पण चैत्रात आपल्या जहागिरीच्या श्रीमंतांचा वाढदिवस. गेल्या साली भोपळ्यांचे प्रदर्शन झाले, यंदा 'प्रगती'चे आहे. कारभारी विष्णुपंत स्वतः सांगलीस आले. म्हणाले, "मास्तर, गाडी वाड्यात मांडा. भोवती सबंध बोरजाई मातीची करा." मी म्हटले, डोळे अधू झाले. ते म्हणाले, "पेन्शन वेळेवर पोचते ना?" माझे डोळे लगेच सुधारले.

अडचण एकच आली. गाव मी केले लहान मापाचे आणि डबा आला मोठ्या मापाचा. देऊळ काडेपेटीएवढे आणि स्टेशन चांगले वीतभर! ते मावेना. वाडा हलवता येत नाही, देवी हलवता येत नाही, ओढा तर नाहीच नाही. एक मोकळा तुकडा होता, तर विष्णुपंत म्हणाले, "छे छे, ती माझी आमराई." डबा कापावा, तर तू एवढ्या दुरून धाडलेला, करवत लावायला हात धजेना. शेवटी ठेवला तुझ्याच मळ्यावर. म्हटले, पाहुणा उतरवायचा तर परक्याच्या अंगणात कशाला?

तुझ्या मातोश्री राहीबाईंना दाखवले. त्या पुष्कळ हसल्या. मग म्हणाल्या, "आवं गुरुजी, आमची हीर कुटं ग्येली?" मी म्हटले, स्टेशनाखाली. तर म्हणतात, "मंग ठेसनवाल्यास्नी पानी तरी ग्वाड मिळंल." बांधकामाचा निरोप सांगितला आहे. दगड येऊन पडला.

गो. रिसबूड

---

इटली, २७ मे १९४५

गुरुजींस नमस्कार.

हितली लढाई थांबली, आता मुलखाचं नाव साहेब खोडत न्हाई. तुमचं पत्र आमी सगळ्यांनी मिळून वाचलं. जोतिबा म्हनतो, "गड्या, तुज्या मळ्यात ठेसन झालं तर गाडीत चढनाऱ्याकडनं बांधभाडं घे." दुसरा म्हनतो, "आन् मोटंचा बैल सिग्नलला बांध." लय हसलो. लढाईत येवढं हसलो न्हवतो.

पर गुरुजी, माज्या भनीचं, हरणाचं पत्र आलंय, कुनाकडनं तरी लिवून घेतलेलं. त्यात हाय की मळ्यात चुन्याच्या रेघा वढल्यात, आन् उसाच्या सऱ्या पाडाय गडी ग्येलं तर वाड्यावरच्या शिपायानं हाकललं. ह्यो काय परकार? हरणा घाबरट हाय, म्हनून तुमाला इचारतो.

लालासाहेब

---

सांगली, ३० जून १९४५

चि. लालासाहेब यास आशीर्वाद.

घाबरण्यासारखे काही नाही. प्रदर्शनाची हकीकत सांगतो म्हणजे उलगडा होईल.

श्रीमंतांनी स्वहस्ते किल्ली दिली. गाडी वाड्याला वळसा घालून देवळापाशी आली आणि उलटली. दरबार चिडीचूप. श्रीमंत हसले, तेव्हा दरबार हसला. मग त्यांनी हातातली काठी तुझ्या डब्याच्या कौलांवर टेकवली आणि म्हणाले, "वा! हे इथेच पाहिजे." संपले. श्रीमंतांची काठी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मागे त्यांनी मारुतीच्या शेपटीला काठी लावून "आखूड वाटते" म्हटले, तर दुसऱ्या दिवशी गवंड्याने शेपूट वाढवून ती कळसापर्यंत नेली. गावाला अजून ती मारुतीची आहे हे पटत नाही.

विष्णुपंतांनी लगेच मॉडेलवर फूटपट्टी लावली. माझ्या मापाने ते स्टेशन काढले असते तर त्याने तीन गावे गिळली असती. विष्णुपंत उदार. म्हणाले, "तीन गावे नकोत. घाडग्यांचा मळा पुरे."

मग राहीबाईंना पुढे बोलावले. लुगडे, खण आणि श्रीमंतांच्या हातचा विडा. बाई घुटमळल्या. माझ्याकडे बघितले. मी जवळ जाऊन कानात सांगितले, "लढाईवरच्या मुलाचा मान आहे, घ्या." तेही काही खोटे नव्हे. भर दरबारात विडा नाकारणे बरे दिसले नसते. त्यांनी पदर पसरून घेतला. छान समारंभ झाला.

मलाही शाल मिळाली आणि 'रेल्वे-सल्लागार' असा किताब. शाल सुती आहे.

तर मळ्याची जागा तूर्त नुसती राखून ठेवली आहे. रेल्वे आली की भाव कुठे जाईल याची कल्पना कर. चिंता नसावी.

गो. रिसबूड

---

इटली, २ सप्टेंबर १९४५

गुरुजी,

जपानबी शरन आला. आता आमाला जहाज मिळायची वाट बघायची.

हरणाचं दुसरं पत्र आलं. हीर बुजवली. बांधायला आनलेला दगड, बांधलेला दगड, सगळा आत ढकलला आन् वर मुरूम टाकला. सबंद मळ्यावर मुरूम. त्याला फलाट म्हनत्यात. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाती.

आई वाड्यावर रडत ग्येली तर कारभारी म्हनला, "बाई, गादीम्होरं इडा घेतलास न्हवं? इडा घेतला म्हंजी रुकार दिला. ह्यो इथला रिवाज." आई म्हनली, "त्यो माज्या पोराचा मान व्हता." त्यावर कारभारी म्हनला, "तुला कुनी सांगितलं?"

आईनं तुमचं नाव घेतलं न्हाई. मला हरणानं लिवलं.

आवं गुरुजी, तुमी शाळा चालवली बोरजाईत सारा जलम. रिवाज तुमाला ठावं न्हवता? आईला न्हवता ठावं. कुनब्याच्या बाईला गादीम्होरचा इडा कोन देतंय कवा?

ती गाडी कवा येनार येवढं तरी कळवा.

लालासाहेब

---

सांगली, ३० ऑक्टोबर १९४५

चि. लालासाहेब यास आशीर्वाद.

तुझे पत्र जरा तापलेले वाटले. लढाईवरच्या माणसाचे चालायचेच.

रिवाज मला ठाऊक होता की नव्हता, हा आता पंडितांच्या वादाचा विषय. त्या क्षणी मला राहीबाईंची अब्रू दिसत होती. सगळा दरबार बघत होता.

गाडीबद्दल विचारलेस. त्यात थोडी गंमत झाली आहे. फलाट झाला, पाटी लागली, घंटासुद्धा टांगली. पण रेल्वेला कळवायचे राहून गेले होते. हे माझ्या लक्षात आले, मी विष्णुपंतांच्या लक्षात आणून दिले, आणि सल्लागार या नात्याने मीच इंग्रजीत पत्र लिहिले. उत्तर आले दोन ओळींचे: असा बेत नाही, पुढेही दिसत नाही. कारभाऱ्यांनी ते काचेत बसवून कचेरीत लावले आहे. मजकूर कोणी वाचत नाही. वरची इंग्रजी मोहोर मोठी सुबक आहे.

तरी धीर धर. उद्या रेल्वेचे मन फिरले तर फलाटावरची चहाची जागा तुलाच, एवढे मी विष्णुपंतांकडून वदवून घेतले आहे.

गो. रिसबूड

---

सातारा, ५ फेब्रुवारी १९४६

रिसबूड मास्तर यांस नमस्कार.

मी आलो. आधी गावाकडं ग्येलो. पाटी बघितली. अक्षर तुमचंच, वळखलं. फलाटावर शेरडं बसल्यात.

कारभाऱ्याला भेटलो. त्यानं बसाय सांगितलं, पानी दिलं. म्हनला, "तू सरकारचा शिपाई, तुला हुकूम कळतो. श्रीमंतांची काठी टेकली. आता ती काय उचलायची?" म्या म्हटलं, "काठी खेळन्यावर टेकली, माज्या रानावर न्हाई." तर म्हनला, "खेळनं? आरं, त्यो परगतीचा नकाशा हाय!"

म्हनून साताऱ्याला आलो. आकारामाकडं उतरलोय. हितल्या कचेरीत साहेब म्हनतो, जहागिरीचा कारभार आमच्यात येत न्हाई. सोल्जर बोर्डात ग्येलो. तितला कारकून म्हनला, मेडल हरवलं आसंल तर दुसरं मागवून देतो, मळ्याचं काय सांगू नगंस.

हितं दादासो म्हनून जुनं सुबेदार हायत. त्यांनी सगळं ऐकलं आन् इचारलं, "ते ठेसन तुज्या रानावर ठेवलं कुनी, आन् का?" म्या म्हटलं, मास्तरांनी. डबा लांब व्हता, दुसरीकडं बसंना. सुबेदारांनी चिलीम झाडली. मग म्हनलं, "मग तेवढंच त्या मानसानं श्रीमंताम्होरं बोलावं. दुसरं काय नगं."

मास्तर, मी कदी काय मागितलं न्हाई. चला बोरजाईला. मी बाजूला हुबा ऱ्हातो. तुमी येवढंच बोला: डबा दुसरीकडं बसंना म्हनून घाडग्याच्या मळ्यावर ठेवला. पेरनीच्या आधी मुरूम निघाला तर आवंदाचं पीक हाताला लागंल. आईचं आता वाकायचं वय न्हाई.

उत्तर साताऱ्याच्या पत्त्यावर धाडा.

लालासाहेब घाडगे

---

सांगली, २४ एप्रिल १९४६

चि. लालासाहेब यास अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. मधे ताप होता, मग उन्हाळा होता. पण हे पत्र वाचून तू सगळे विसरशील. तुझे काम झाले!

तू सांगितलेस तसे बोलणे शक्य नव्हते. "सरकार, आपली काठी चुकली" असे म्हणणारा माणूस बोरजाईत अद्याप जन्मायचा आहे. आणि मी पडलो पेन्शनर, पुन्हा जन्म घेण्याच्या बेतात नाही. तेव्हा मी दुसरी युक्ती काढली.

वाढदिवस जवळ आला तशी विष्णुपंतांनी मला टेबल झाडून पुसून ठेवायला बोलावले. मी दार लावून घेतले, करवत काढली आणि डबा मधोमध कापला. वाईट वाटले, पण कापला. अर्धा ओढ्याकाठी बसवला. बसला की रे, नीट बसला! उरलेला अर्धा टेबलाखाली टाकला. आणि तुझा मळा मोकळा केला. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून पसरला. केरसुणीच्या काड्यांचा जोंधळा उभा केला, टोकांना राजगिरा चिकटवून कणसे केली. दोन दिवस मान वर केली नाही. औषधाच्या बाटलीची निळी काच गोल घासून विहीरही केली. अगदी पाणी भरल्यासारखी दिसते!

श्रीमंत आले. किल्ली दिली, गाडी पडली, हसले. मग मळ्याकडे बघून म्हणाले, "वा! केवढे पीक! कोणाचे?" विष्णुपंतांचा चेहरा तू बघायला हवा होतास. म्हणाले, "घाडग्यांचे, सरकार." श्रीमंत म्हणाले, "छान. त्याचेच राहू दे."

झाले! दुसऱ्या दिवशी पाटी काढली. मळा तुझा. कोणाची मान खाली गेली नाही, कोणाला चूक म्हणावे लागले नाही. आता तूच सांग, तुझ्या सुभेदारांचे ऐकून खरे बोललो असतो तर हे झाले असते का?

राहीबाईंना नमस्कार. आता तरी माझ्यावरचा राग जावा.

गो. रिसबूड

---

सांगली, १८ ऑगस्ट १९४६

रा. रा. लालासाहेब घाडगे यांस,

मागील पत्राची पोच नाही. राहीबाई हल्ली बाजाराला आल्या तरी इकडे फिरकत नाहीत. उपकाराची फेड मी मागत नाही, पण दोन ओळींनी माणूस मरत नाही.

गो. रिसबूड

---

बोरजाई, २२ नोव्हेंबर १९४६

गोपाळकृष्ण रिसबूड, सांगली.

पोच पायजे म्हनून लिवतो.

मळा मिळाला. उन्हाळाभर मी, हरणा आन् आई मुरूम उचलत व्हतो. पाट्या भरून बांधाबाहेर. खालची काळी माती दबून फरशी झालीया. नांगराचा फाळ मोडला. हीर उकराय घेतली. आबांनी घडवलेला दगड तुकडं तुकडं होऊन वर येतोय. झरा काय गावला न्हाई. पावसावर जोंधळा पेरला. इतभर आला आन् पिवळा पडला. बैलास्नी सोडला तर त्यांनीबी तोंड फिरवलं.

गेल्या हप्त्यात वाड्याचा कारकून लेव्हीचा, म्हंजी सक्तीच्या वसुलीचा, जोंधळा मागायला आला. पोती सांगितली ती ऐकून हरणा हसायलाच लागली. म्या म्हटलं, "रान बघा की." त्यो म्हनला, "रान बघायचं काम न्हाई, आमी वाड्यात बघितलंय." मला संगट घिऊन ग्येला आन् तुमचं टेबल दावलं. म्हनला, "ही हीर. म्हंजी बागायत. आन् ही कनसं." त्यानं कनसं मोजली व्हती, मास्तर. येक येक कनीस मोजून त्यावरनं पोती काढली व्हती.

कारभाऱ्याकडं ग्येलो. त्यो म्हनला, "श्रीमंत भर दरबारात 'केवढं पीक' म्हनलं. आता आमी कमी धरायचं म्हंजी त्यास्नी खोटं पाडायचं. तुज्याच मास्तरांनी पिकवलंय, त्यास्नी इचार."

मला काय इचारायचं न्हाई. तुमी काय सांगाल ते ठावं हाय.

काल लेव्हीपोटी बैल न्हेलं. आई त्यांच्या मागनं वाड्यापत्तूर चालत ग्येली, म्हनून मीबी ग्येलो. चौकात टेबल मांडलेलंच हाय. आईनं त्ये पयल्या बारीला हसून बघितलं व्हतं, इडा घेतल्यापसनं बघितलं न्हवतं. कारकून म्हनला, "बघ म्हातारे, हे तुजं रान. किती झ्याक हाय!" आई जवळ ग्येली. कनसाला हात लावला न्हाई. त्या निळ्या काचंवर बोट टेकवलं, जरा दाबलं, आन् कोरडं बोट उलटं करून बघितलं.

मग पदराला पुसलं आन् मला म्हनली, "चल."

लालासाहेब विठोबा घाडगे